चिकन सूप: पाण्यात काय उतरते आणि मांसात काय राहते

चिकन सूप चांगले व्हायचे असेल तर ते तासन्‌तास उकळले पाहिजे आणि त्या उकळण्यात मांसाचा सगळा कस पाण्यात उतरतो, या दोन समजुती इतक्या पक्क्या आहेत की कामाच्या दिवशी घरी सूप करावे हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. मांसातली काही द्रव्ये पाण्यात पाच-दहा मिनिटांतच उतरतात, काहींना दोन-तीन तास लागतात आणि काही द्रव्ये कितीही उकळले तरी मांसातच राहतात. शरीराला ज्यांची सर्वाधिक गरज असते ती प्रथिने बहुतांशी या तिसऱ्या गटात मोडतात. हा फरक नीट लक्षात आला की अर्ध्या तासाच्या आत सूप कसे करता येते आणि ते पौष्टिक नेमके कशामुळे होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात.

आधी लवकर उतरणाऱ्या द्रव्यांकडे पाहू. चव देणारे बहुतेक रेणू आकाराने लहान असतात आणि पाण्यात सहज विरघळतात. मांसातली मोकळी अमिनो आम्ले, पोटॅशियमसारखी खनिजे, ब गटातली काही जीवनसत्त्वे आणि इनोसिनेट नावाचे द्रव्य यांचा त्यात समावेश होतो. चवीच्या दृष्टीने यांतले इनोसिनेट फार महत्त्वाचे आहे. कोम्बू या समुद्री शैवालाच्या पाण्याला भरीव चव कशामुळे येते याचा शोध किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी घेतला आणि १९०८ मध्ये ते द्रव्य ग्लुटामेट असल्याचे दाखवून दिले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडले. पुढे असे आढळले की ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसत्या बेरजेने वाढत नाही, तर कित्येक पटींनी वाढते. चिकनमध्ये इनोसिनेट भरपूर असते, पण मोकळे ग्लुटामेट बेताचे असते. पिकलेला टोमॅटो आणि मशरूम यांत मात्र ते चांगले असते. त्यामुळे सुपात घातलेला एक लालबुंद टोमॅटो किंवा मूठभर मशरूम ही केवळ भाजीची भर नसते. चिकनची चव उठून येण्यासाठी लागणारी दुसरी बाजू त्यातून मिळते आणि ज्या सुपाला उकळायला वेळ नाही, त्यात तर ती असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

उशिरा उतरणारे द्रव्य म्हणजे कोलॅजेन. स्नायूंभोवतीचे पातळ पडदे, सांधे, कातडी आणि हाडांची टोके यांना जो चिवटपणा असतो तो कोलॅजेनमुळे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू सैल होऊ लागते, ८० अंशांच्या पुढे हा वेग वाढतो आणि त्याचे रूपांतर जिलेटिनमध्ये होते. जिलेटिनला स्वतःची चव जवळजवळ नसते, पण त्यामुळे पाण्याला अंग येते आणि घोट तोंडात क्षणभर रेंगाळतो. हाडांसकट दोन-तीन तास मंद आचेवर ठेवलेले सूप फ्रिजमध्ये गार केल्यावर थरथरणाऱ्या जेलीसारखे घट्ट होते, ते याच जिलेटिनमुळे. वीस मिनिटांच्या सुपाकडून ही अपेक्षा ठेवू नये. त्याला दाटपणा दुसऱ्या मार्गाने आणता येतो आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

प्रेशर कुकर वापरला तर हा हिशेब बदलतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, पण कुकरमध्ये दाब वाढल्याने ते १२० अंशांच्या जवळपास पोहोचते आणि कोलॅजेन विरघळण्याचा वेग कितीतरी वाढतो. हाडांसकट लेग पीस घरात असतील, तर पूर्ण दाब आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत एरवी दोन-तीन तासांत मिळणाऱ्या सुपाच्या बरेच जवळ जाता येते. मात्र छातीचे मांस, म्हणजे ब्रेस्ट पीस, कुकरमध्ये इतका वेळ ठेवू नये. त्यात कोलॅजेन अगदी कमी असते, त्यामुळे मिळवायचे फारसे काही नसते आणि मांस मात्र कोरडे होऊन त्याचे दोरे दोरे सुटतात.

आता राहिली पाण्यात न उतरणारी द्रव्ये. उष्णता लागली की स्नायूंमधली प्रथिने आकसून घट्ट होतात आणि तिथेच अडकून राहतात. सुरुवातीला थोडी प्रथिने पाण्यात येतात, पण तीही तापल्यावर गोठून फेसाच्या रूपाने वर येतात. हा फेस म्हणजे मांसातली घाण आहे असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात ती गोठलेली प्रथिने असतात. सूप नितळ दिसावे म्हणून फेस काढून टाकला तरी चालतो आणि राहिला तरी काही अपाय होत नाही. यातून निघणारी मोठी गोष्ट अशी की मांस आणि भाज्या गाळून टाकून उरलेल्या पाण्याच्या वाटीत प्रथिने फार थोडी असतात. आजाऱ्याला ‘ताकद यावी’ म्हणून नुसते वरचे पाणी दिले आणि मांस बाजूला काढले, तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच ताटलीत राहून जाते. त्या पाण्यातून द्रव मिळतो, मीठ मिळते, चवीमुळे चार घोट जास्त जातात आणि त्याचेही मोल आहेच. पण चावायला त्रास होत असेल तर मांस बारीक करून किंवा मिक्सरमधून काढून त्याच सुपात परत घालावे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. जिलेटिन हेही प्रथिन आहे खरे, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे मांसाची जागा ते घेऊ शकत नाही. हाडांच्या सुपातून कॅल्शियम भरपूर मिळते ही समजूतही टिकत नाही. हाडांमधले कॅल्शियम साध्या उकळण्याने पाण्यात फारच थोडे येते.

घाई चिरण्यात करावी, आचेत नव्हे

सूप लवकर व्हावे म्हणून बहुतेक जण आच मोठी करतात. त्याने वेळ वाचत नाही. पाण्याला एकदा उकळी आली की खालची आच कितीही वाढवली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. वाफ तेवढी जास्त जाते. वेळ खरा वाचतो तो तुकड्यांच्या आकाराने. उष्णता तुकड्याच्या बाहेरून आत सरकत जाते आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोप्या शब्दांत सांगायचे तर जाडी निम्मी केली की वेळ निम्मा न होता साधारण पाव होतो. अख्खा ब्रेस्ट पीस आतपर्यंत शिजायला वीस मिनिटे लागत असतील, तर त्याच मांसाचे दीड सेंटिमीटरचे तुकडे पाच-सात मिनिटांत शिजतात. लहान तुकड्यांचा एकूण पृष्ठभागही जास्त असतो, त्यामुळे चवीची द्रव्ये पाण्यात लवकर उतरतात. हा विचार शेवटपर्यंत नेला तर आपण खिम्यापर्यंत येऊन पोहोचतो आणि खरोखरच चिकनचा खिमा घालून केलेल्या सुपाला दहा मिनिटांत जी चव येते ती मोठ्या तुकड्यांना तेवढ्या वेळात येत नाही.

चिरताना सुरी तंतूंना आडवी चालवावी. कच्च्या मांसावर बारीक समांतर रेषा दिसतात, तेच हे तंतू. त्यांच्या दिशेनेच कापले तर खाताना लांब दोरे चावावे लागतात. आडवे कापले तर तेच मांस मऊ लागते. मांस अर्धवट गोठलेले असेल तर ते घसरत नाही आणि पातळ कापता येते. पूर्ण गोठलेले मांस मात्र आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून सोडवावे. ओट्यावर उघडे ठेवू नये. अगदी वेळेवर आठवण झाली, तर ते घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे.

कच्चे चिकन नळाखाली धुवावे की नाही, यावर घरोघरी मतभेद असतात. अन्नसुरक्षेचे काम करणाऱ्या अनेक संस्थांचा सल्ला न धुण्याचा आहे आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू असू शकतात. धुतल्याने ते निघून जात नाहीत, पण बारीक तुषारांबरोबर सिंक, ओटा आणि बाजूला ठेवलेल्या कोशिंबिरीच्या भाज्या यांवर उडतात. नीट शिजवल्यावर मात्र ते मरतातच. ओलेपणा नको असेल तर कागदी रुमालाने टिपून तो कागद लगेच टाकून द्यावा, चिकनसाठी वापरलेली सुरी आणि चॉपिंग बोर्ड साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही वापरू नये आणि हातही साबण लावून वीस सेकंद तरी चोळावेत. सगळ्यांत सोपा क्रम म्हणजे आधी सगळ्या भाज्या चिरून घ्याव्यात आणि चिकन शेवटी.

मांडीचे मांस घ्यावे की छातीचे, हा निवडीचा प्रश्न आहे. छातीच्या कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ते २३ ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी फार कमी असते. कातडी काढलेल्या मांडीच्या मांसात १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी थोडी जास्त असते. आरोग्याच्या दृष्टीने हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही. सुपासाठी मी मांडीचे मांस सुचवीन, कारण त्याची चव गडद असते आणि दोन-चार मिनिटे जास्त शिजले तरी ते बिघडत नाही. छातीच्या मांसाला ही सवलत नसते. ते ७० अंशांच्या पुढे झपाट्याने पाणी सोडू लागते, त्यामुळे ते पातळ कापून सूप तयार होत आले की शेवटच्या चार-पाच मिनिटांतच घालावे.

चिकन शिजले हे कसे ओळखायचे? सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की ते खाण्यास सुरक्षित मानले जाते आणि टोकदार थर्मामीटर असेल तर शंकेला जागाच उरत नाही. तो नसेल तर सर्वांत मोठा तुकडा बाहेर काढून मधोमध कापावा. आत कुठेही काचेसारखा अर्धपारदर्शक भाग दिसू नये, तंतू पांढरे आणि घट्ट दिसावेत. नुसत्या रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून शंका वाटल्यास दोन मिनिटे जास्त द्यावीत. सुपात तुकडे लहान असल्यामुळे ही काळजी आपोआपच बरीचशी मिटते.

प्रत्यक्ष कृती

चार जणांसाठी मांडीचे हाड नसलेले ३०० ग्रॅम चिकन, एक मोठा कांदा, एक गाजर, एक पिकलेला टोमॅटो, पाच-सहा मशरूम, चार लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन मुठी बारीक चिरलेली पालेभाजी किंवा कोबी, एक चहाचा चमचा तेल, सपाट एक चहाचा चमचा मीठ, मिरी आणि अर्धे लिंबू एवढे साहित्य पुरते. पाणी सव्वा लिटर लागेल आणि ते चिरायला बसण्याआधीच दुसऱ्या भांड्यात झाकण ठेवून तापत ठेवावे. मुद्दाम काढलेल्या नितळ सुपासाठी थंड पाण्यापासून सुरुवात करतात, कारण तापमान सावकाश वाढले की प्रथिने मोठ्या गुठळ्यांनी गोठून वर येतात आणि काढता येतात. आपल्याला नितळपणापेक्षा वेळ महत्त्वाचा असल्याने उकळते पाणीच घ्यावे.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून चिकनचे तुकडे एका थरात पसरावेत आणि दोन मिनिटे त्यांना हात लावू नये. सतत ढवळले तर मांसातून पाणी सुटते आणि ते त्याच पाण्यात वाफेवर शिजते. ही दोन मिनिटे झटपट सुपासाठी सर्वांत मोलाची असतात. पाण्यात बुडालेला पदार्थ १०० अंशांपुढे तापत नाही, पण कोरड्या तापलेल्या बुडावर तो त्याच्या बराच वर जातो आणि तिथे अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात एक वेगळीच अभिक्रिया घडते. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भाजलेल्या पदार्थांचा खमंग वास आणि तपकिरी रंग तिच्यामुळेच येतो. कितीही तास नुसते उकळले तरी हा खमंगपणा तसा येत नाही, कारण पाण्यात तेवढे तापमानच मिळत नाही.

तुकड्यांची खालची बाजू सोनेरी झाली की ते काढून ठेवावेत आणि त्याच पातेल्यात कांदा परतावा. एव्हाना बुडाला एक पातळ तपकिरी थर धरलेला दिसेल. तो जळका समजून घासून टाकू नये. कांदा मऊ होऊन त्याच्या कडा रंग धरू लागल्या की लसूण, आले आणि मशरूम घालावेत, मिनिटभराने टोमॅटो घालावा आणि त्याला सुटलेल्या पाण्यात लाकडी चमच्याने बूड हळूहळू खरवडावे. चमच्याच्या कडेबरोबर तो थर उलगडत सुटा होतो, सर्‌र आवाज करत पाण्यात मिसळतो आणि पातेल्यातला रस डोळ्यांदेखत गडद होतो. सगळे बूड स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. थर काळा पडला असेल तर मात्र तो कडवट लागतो. तसे झाले तर पातेले बदलणे बरे.

आता गाजराचे बारीक तुकडे, बाजूला ठेवलेले चिकन, मीठ आणि उकळते पाणी घालावे. उकळी आली की आच एवढी कमी करावी की पातेल्याच्या कडेने एखाद-दुसरा बुडबुडा वर यावा आणि मधले पाणी जेमतेम हलावे. खळखळ उकळणाऱ्या सुपात चरबीचे थेंब फुटून पाण्यात मिसळतात आणि सूप गढूळ, किंचित तेलकट लागते; मांसही आकसते. या मंद आचेवर आठ-दहा मिनिटे पुरतात. शेवटच्या दोन मिनिटांत पालेभाजी किंवा कोबी घालावा, कारण जास्त शिजवल्याने हिरवा रंग मळकट होतो आणि क जीवनसत्त्व वाया जाते. आच बंद केल्यावर ताजी कुटलेली मिरी आणि लिंबाचा रस घालावा. त्यांचे वास उडून जाणारे असतात आणि उकळत्या पाण्यात घातले तर ते स्वयंपाकघरभर पसरतात, वाटीत उरत नाहीत.

दाटपणा हवा असेल तर त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शिजलेल्या भाज्यांपैकी डावभर काढून त्या मिक्सरमधून फिरवून परत घालणे. त्यासाठी सुरुवातीलाच एक लहान बटाटा किंवा दोन चमचे ओट्स शिजायला घातले तर काम आणखी सोपे होते. दुसरा मार्ग कॉर्नफ्लोअरचा. ते नेहमी थंड पाण्यात कालवूनच घालावे. कोरडे पीठ गरम पाण्यात टाकले की प्रत्येक गोळीचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच राहते, म्हणून गुठळ्या होतात. चार वाट्यांना एक ते दीड चमचा पुरतो आणि घातल्यावर एक-दोन मिनिटे उकळू दिले की कच्चा वास जातो. मी पहिला मार्ग पसंत करते, कारण त्यातून भाज्यांमधला तंतुमय भागही पोटात जातो.

मीठ, चरबी आणि पौष्टिकता

सूप हलके असते म्हणून ते आपोआप आरोग्यदायी असते, असे नाही. सुपातली खरी काळजी मिठाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वरच्या कृतीत सपाट चमचाभर, म्हणजे पाच ते सहा ग्रॅम, मीठ चार वाट्यांत विभागले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम येते. बाजारातले तयार सुपाचे पाकीट किंवा स्टॉक क्यूब वापरले की हे प्रमाण सहज वाढते आणि वेष्टनावर बहुधा मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असल्याने ते लक्षातही येत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले. क्यूब वापरायचाच असेल तर वेगळे मीठ अजिबात घालू नये आणि शेवटी चव पाहूनच ठरवावे. कमी मिठाचे सूप सपक लागेल अशी भीती असते, पण आंबटपणा आणि ग्लुटामेट यांमुळे तेवढेच मीठ जास्त जाणवते. म्हणूनच आधी लिंबू पिळून मग चव घ्यावी आणि त्यानंतरही कमी वाटले तरच चिमूटभर मीठ घालावे.

चरबीबद्दल मात्र उगीच धास्ती बाळगली जाते. कातडी काढली की चिकनमधली बरीचशी चरबी जाते आणि एक चहाचा चमचा तेल चार जणांत विभागले की प्रत्येकाला दहा-बारा कॅलरींपेक्षा जास्त मिळत नाहीत. एवढ्या तेलाची गरजही असते. गाजरातले बीटा-कॅरोटीन शिजवल्याने शरीराला अधिक सहज मिळते, पण ते शोषले जाण्यासाठी बरोबर थोडी चरबी लागते. लसूण-मिरीचे वासही तेलातच चांगले उतरतात. याउलट ब गटातली जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम पाण्यात उतरतात आणि एरवी भाजी उकळून पाणी फेकले की ती वाया जातात. सुपात तेच पाणी आपण पितो, ही या पदार्थाची खरी जमेची बाजू आहे.

मांसासकट एका वाटीतून साधारण पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात, भाज्याही मिळतात, पण पोट भरेल एवढी ऊर्जा त्यातून मिळत नाही. सूप हेच जेवण करायचे असेल तर त्यात शिजवलेली कडधान्ये, भात, ओट्स किंवा बटाटा यांपैकी काहीतरी असावे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मीठ आणखी कमी करावे. ज्यांना गाउटचा, म्हणजे युरिक आम्ल साठून सांधे दुखण्याचा, त्रास आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की मांसातली प्युरिने (ज्यांपासून शरीरात युरिक आम्ल तयार होते ती द्रव्ये) पाण्यात उतरतात, त्यामुळे मांस बाजूला काढून नुसते सूप पिणे हा त्यांच्यासाठी सुरक्षित पर्याय ठरत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम आणि प्रथिने दोन्ही मोजून घ्यावी लागतात, म्हणून तिथे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक वर्षाच्या आतील बाळासाठी मीठ घालण्याआधीच थोडे सूप बाजूला काढावे.

सर्दीवर चिकन सूप चालते का, हा प्रश्न वैज्ञानिकांनीही गांभीर्याने घेतला आहे. १९७८ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात १५ निरोगी व्यक्तींना गरम सूप, गरम पाणी आणि थंड पाणी देऊन नाकातला श्लेष्मा किती वेगाने सरकतो हे मोजले गेले. गरम सुपाने आणि गरम पाण्याने तो वेग वाढला, पण हा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. २००० मध्ये त्याच नियतकालिकात नेब्रास्का विद्यापीठातील स्टीफन रेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की घरगुती चिकन सुपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची हालचाल मंदावते आणि या पेशींच्या हालचालीचा सर्दीतल्या दाहाशी संबंध असू शकतो. मात्र तो प्रयोग शरीरात नव्हे, तर प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या पेशींवर झाला होता. त्यामुळे सूप सर्दी बरी करते असे म्हणता येत नाही. गरम वाफेने नाक मोकळे वाटते, घसा शेकला जातो, जेवण नकोसे झालेले असताना द्रव, मीठ आणि प्रथिने पोटात जातात; एवढे नक्की म्हणता येते आणि आजारी माणसासाठी ते पुरेसे कारण आहे.

उरलेले सूप

सुपाची खरी जोखीम शिजवताना नसते, ती शिजवून झाल्यावर सुरू होते. उकळल्याने जीवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारख्या काही जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक सुप्त रूपे, उकळीतूनही वाचतात आणि सूप कोमट राहिले की त्यांची वाढ झपाट्याने होते. साधारण ५ ते ६० अंश या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. मोठ्या पातेल्यातले झाकलेले सूप रात्रभर ओट्यावर ठेवले तर त्याचा मधला भाग कित्येक तास याच पट्ट्यात असतो आणि सकाळी त्याला वासही येत नाही, चवही बदललेली नसते. ‘सकाळी पुन्हा उकळून घेऊ’ हा त्यावरचा उपाय नव्हे. काही जीवाणूंनी तोवर तयार केलेली विषे उकळूनही नष्ट होत नाहीत.

म्हणून जेवण झाले की उरलेले सूप पसरट, उथळ डब्यांत दोन-तीन इंचांपेक्षा कमी खोलीचे ओतावे, पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळले तर आणखी लवकर निवते, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जावे. किंचित कोमट असताना फ्रिजमध्ये ठेवले तर काही बिघडत नाही. पूर्ण गार होण्याची वाट पाहत बाहेर ठेवणे मात्र धोक्याचे असते. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहते. पुढे गोठवायचे हे आधीच ठरले असेल, तर पालेभाजी आणि लिंबू त्यात घालू नये, बटाटाही टाळावा, कारण गोठून सुटल्यावर तो भुसभुशीत होतो. डबा काठोकाठ भरू नये, पाणी गोठताना फुगते आणि काचेचे भांडे तडकते. खाताना हवे तेवढेच सूप वेगळे काढून चांगली वाफ येईपर्यंत, म्हणजे मध्यभागीही ७४ अंश होईपर्यंत, गरम करावे. मायक्रोवेव्हमध्ये करत असल्यास मध्येच एकदा ढवळावे, कारण त्यात काही भाग कढत आणि काही भाग गार राहतो. पालेभाजी, मिरी आणि लिंबू प्रत्येक वेळी ताजेच घालावे.